वक्तशीर इलेक्ट्रॉन

३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. लॅबची वही वेगळी, ही वेगळी. तिथे फक्त आकडे, इथे मन मोकळं करायचं.

परिस्थिती अशी. पीएचडीचं आठवं वर्ष. आठ ऐकायला जास्त वाटतं, पण पहिलं ओळखीपाळखीत गेलं आणि तिसऱ्यात मशीन बंद होतं, म्हणजे खरं तर सहाच. बायकोला दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली आहे. बसने अकरा तास. शनिवारी ती आणि लेक जाणार. मी मागे राहून थिसिस संपवणार आणि तीस एप्रिलला तिकडे कायमचा हजर होणार. बायको म्हणाली की थिसिस झाला तर घेऊन ये, नाही झाला तर तसाच ये, पण तीस तारखेला ये. लेकीनेसुद्धा ती तारीख पाठ केली आहे. केवढा विश्वास आहे बाईचा माझ्यावर! 'नाही झाला तर' हे ती आपलं बोलायचं म्हणून बोलली.

निश्चय: रोज साडेपाचला उठणे, दिवसाला दोन पानं थिसिस, मोबाइल कपाटात. उद्यापासून, कारण आज सात वाजलेच आहेत.

८ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी
गेल्या दोघी. बस स्टँडवर लेकीने विचारलं की तू नक्की काय काम करतोस. पाच वर्षांची आहे, आता कळायला हवं. सांगितलं की एक अगदी छोटा इलेक्ट्रॉन असतो, तो एक तर वर बघतो नाही तर खाली बघतो, त्याला म्हणायचं स्पिन. बाबा त्याला वर बघायला लावतो आणि तो किती वेळ तसा राहतो ते मोजतो. जितका जास्त वेळ राहील तितका चांगला, कारण त्याच्या वर-खालीवरून पुढे नव्या प्रकारचे कॉम्प्युटर चालणार आहेत. तिने विचारलं की तो खाली बघायला लागला की तू त्याला रागावतोस का. म्हटलं, नाही गं, पुन्हा वर बघायला लावतो. मग ती म्हणाली की तो दमत असेल. बायको खिडकीतून हसली. की नुसती बघत होती? बस सुटली तेव्हा ऊन डोळ्यांवर होतं, नीट दिसलं नाही.

घर एकदम शांत. दोन खोल्यांत पहिल्यांदाच जागा झाली. जेवणाच्या टेबलावर सगळे पेपर पसरता येतील. कामाला हे उत्तमच झालं. तासभर लेकीच्या छोट्या खुर्चीवर बसलो, कारण तीच जवळ होती. कंबर धरली.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सँपल नंबर ४१ फ्रीजमध्ये घातलं. फ्रीज म्हणजे आमचं मशीन, दूध ठेवायचा नव्हे. माणूसभर उंच पिंप, त्यात इतकी थंडी की त्याहून खाली जायला जागाच नाही. आत नखापेक्षा लहान चिप. त्यावर ग्राफीन, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. चिकटपट्टीने मीच सोलला. त्याला व्होल्टेजचं कुंपण घालून मध्ये इलेक्ट्रॉनपुरती खोली करायची, तिला म्हणायचं क्वांटम डॉट. आत एकच इलेक्ट्रॉन, एकटा, शांत. सध्या माझंही तेच चालू आहे.

गार व्हायला पाच दिवस. पंपाची ठकठक चालू. आठ वर्षांत ती इतकी अंगवळणी पडली आहे की ऐकूच येत नाही.

साडेपाचला उठणे: सोमवारपासून.

१९ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी ११.४०
आला! सिग्नल आला!! इलेक्ट्रॉन वर केला की ठरावीक वेळाने पडद्यावरची रेघ उडी मारते. ०.७१ सेकंद! पुन्हा केलं, ०.७१. पुन्हा, ०.७१. दहा वेळा केलं.

बाकीच्यांचे आकडे मिलीसेकंदांत असतात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत. माझा स्वतःचा तीन वर्षांपूर्वीचा आकडा चार मिलीसेकंद. तेव्हा माझे गाइड सर म्हणाले होते की एवढं पुरे, लिहून टाक. मी म्हटलं होतं, असल्या किरकोळ आकड्यावर कोण डॉक्टर होतं? बघा आता. जवळजवळ पाऊण सेकंद!

बायकोला लगेच फोन. ती पेशंटमध्ये होती. म्हणाली, अरे वा, छान, मग आता लिहायला घेशील ना? बायकांना डायरेक्ट शेवटाची घाई.

फ्रीजवर मोठ्या अक्षरांत कागद लावला: हात लावू नका. आमच्या धंद्यातला पहिला नियम. चालतंय ना, मग धक्का नाही लावायचा. वायर हलवायची नाही, बटण पुसायचं नाही, जोरात शिंकायचं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
सर सहा महिने दुसऱ्या विद्यापीठात पाहुणे आहेत. ग्राफ मेल केला, सोबत दीड पान वर्णन. उत्तर आलं: वर केलेला अंगठा. मोबाइलवरून. सर भारावले की बोलत नाहीत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
लॅबमध्ये आणखी एकच जण आहे, ज्युनिअर, माझ्या चार वर्षं मागून आलेली. मी तिला मनात टापटीप म्हणतो. स्क्रू कुठला, कुठल्या पान्याने, किती फिरवला, सगळं वहीत लिहिते. जूनमध्ये थिसिस देणार म्हणे. घाई नडते या पिढीला.

आज ग्राफ बघून म्हणाली की दादा, इलेक्ट्रॉन तर कधी लवकर पडतो, कधी उशिरा, आपण हजार वेळा मोजून सरासरी काढतो. तुमचा दर वेळी बरोब्बर पॉइंट सात एकला कसा पडतो? मी शांतपणे सांगितलं की सँपल स्वच्छ असलं की इलेक्ट्रॉनला शिस्त लागते. ती ग्राफकडे पुन्हा एकदा बघून आपल्या टेबलाकडे गेली. पटलं असावं.

५ मार्च, बुधवार, दुपारी ४
थिसिसचा श्रीगणेशा. आभाराची पानं पूर्ण! साडेचार पानं झाली. बायकोवरचा परिच्छेद वाचून मलाच गहिवरून आलं. बाकी प्रकरणं सहा, ती काय, आकडा हातात आहे म्हटल्यावर बसलं की होतील.

९ मार्च, रविवार
लेकीचा वाढदिवस. सहा पूर्ण. शुक्रवारच्या बसने जायचं ठरलं होतं. पण दोन दिवस इलेक्ट्रॉनला एकटं कसं सोडणार? वीज गेली, कुणी दार आपटलं, म्हणजे आठ वर्षांवर पाणी. बायकोला समजावलं. ती म्हणाली, बरं. 'बरं' एवढंच. ती समजूतदार आहे म्हणूनच हे जमतंय.

व्हिडिओवर केक कापताना पाहिलं. लेकीने विचारलं की तुझा इलेक्ट्रॉन अजून वर बघतोय का. म्हटलं, हो, पॉइंट सात एक सेकंद. ती म्हणाली की मी आता एक मिनिटभर डोळे न मिटता बसते, आणि बसली. वीस सेकंदांत डोळ्यांत पाणी आलं तिच्या. माझ्याही, पण मी लॅबमध्ये होतो, तिथे एसी थेट अंगावर येतो.

१८ मार्च, मंगळवार
टापटीपने नवीन फाटे फोडले. म्हणाली की मॅग्नेटिक फील्ड कमी-जास्त केलं की स्पिनचा वेळ बदलायलाच हवा, ते करून बघितलंत का दादा. चिडून करून दाखवलं. निम्मं केलं: ०.७१. दुप्पट केलं: ०.७१. पूर्ण बंद केलं: ०.७१! तिच्या तोंडचं पाणीच पळालं. माझा इलेक्ट्रॉन कशालाही बधत नाही. थिसिसमध्ये यावर वेगळं प्रकरण हवं. म्हणजे सहाची सात झाली.

तिने हे वहीत लिहिलं. वेळेसकट.

२६ मार्च, बुधवार
पंपवाले काका येऊन गेले. वर्षातून एकदा पंपाची सर्व्हिसिंग करतात, माझ्याआधीपासून इथे येतात. पंप वीस मिनिटं बंद ठेवावा लागेल म्हणाले. मी दारातच आडवा झालो. एप्रिलमध्ये या म्हटलं. काकांनी मान हलवली आणि म्हणाले की मोटर घरघरतेय, नंतर माझ्या नावाने बोंबलू नका.

आज थिसिसची पानं: शून्य. पण शीर्षक तीन वेळा सुधारलं.

३ एप्रिल, गुरुवार
फार थकवा. कशाचा ते कळत नाही. दिवसभर रेघ उडी मारते आणि मी ती मोजतो. बारा हजार वेळा मोजून झालं. एकदा तरी ०.७२ यावं असं वाटायला लागलंय, नुसता बदल म्हणून. सकाळी अंडी-पाव, दुपारी अंडी-पाव.

बायकोने विचारलं की किती पानं झाली. म्हटलं, डोक्यात सगळं तयार आहे. ती म्हणाली की तिकीट काढ मग आत्ताच, नंतर मिळत नाही. म्हटलं, काढतो. तीस तारखेला अजून महिना आहे. जवळजवळ.

१४ एप्रिल, सोमवार, सकाळी १०.३०
काका पुन्हा हजर. या वेळी ऐकेनात. टापटीपही त्यांच्या बाजूने. दोघांनी मिळून पंप बंद केला.

लॅबमध्ये कसली भयाण शांतता! आणि रेघ? सपाट. एक उडी नाही. वीस मिनिटं नुसती आडवी रेघ. मी काकांना म्हटलं, मारलात माझा इलेक्ट्रॉन. टापटीप म्हणाली की दादा, थंडी तर आहे तेवढीच आहे, काटा हललेला नाही. तिला काय कळतं? नाजूक वस्तू आहे, घाबरला असणार.

१४ एप्रिल, दुपारी १२.०५
जीव भांड्यात पडला! पंप सुरू, सिग्नल परत! आणि ऐका: ०.७५!! सर्व्हिसिंगमुळे मशीन सुधारलं आणि इलेक्ट्रॉन आणखी टिकायला लागला. नवा रेकॉर्ड! काकांचे पाय धरावेसे वाटले. आभारात त्यांच्यासाठी एक ओळ वाढवली. सरांना मेल. अंगठा आला.

बायकोलाही कळवलं. म्हणाली की म्हणजे आधीचा आकडा चूक होता का? म्हटलं, अगं, प्रगती आहे ही!

१५ एप्रिल, मंगळवार, दुपारी ३
टापटीपने काकांना फोन करून विचारलं की काल नेमकं काय केलंत. मग माझ्याकडे आली. चहाचा कप माझ्यासमोर ठेवला, दुसरा स्वतः घेऊन बसली. ही कधी बसत नाही.

काका म्हणाले होते की मोटर जुनी झाली आहे, जरा दमाने चालू दे, म्हणून मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोके होते त्यांचे ऐंशी केले.

ती एवढंच बोलली. पुढचं तिने मला करू दिलं.

साठ भागिले ऐंशी, पॉइंट सात पाच.

साठ भागिले चौऱ्याऐंशी. कॅल्क्युलेटर बाजूलाच होता, तरी कागदावर केलं, सावकाश. पॉइंट सात एक चार.

चहा गार झाला. आठ आठवडे मी पंपाचे ठोके मोजत होतो.

१६ एप्रिल, बुधवार
लिहावंसं वाटत नाही.

१९ एप्रिल, शनिवार
मशीन कोमट करून उघडलं. टापटीपने भिंगातून बघितलं आणि मला बघायला दिलं. चिपला जाणारी केसाएवढी तार एका टोकाला सुटलेली. पंपाचा ठोका पडला की ती थरथरायची आणि रेघ उडी मारायची. इलेक्ट्रॉन कुंपणात कधी आलाच नव्हता. खोली पहिल्या दिवसापासून रिकामी.

तार टेबलावरच तपासायची असते, थंड करायच्या आधी, दोन मिनिटांचं काम. ते मी केलं होतं की नाही? लॅबच्या वहीत १२ फेब्रुवारीच्या पानावर फक्त तारीख आहे. त्या दिवशीचं सगळं मी इकडे लिहिलं.

तिने 'मी म्हटलं होतं' असं एकदाही म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

लाज वाटते. खरंच लाज वाटते. वाढदिवसाला पंपाजवळ बसलो मी.

२२ एप्रिल, मंगळवार, सकाळी
सरांशी व्हिडिओवर बोललो. सगळं सांगितलं. सर बराच वेळ टाय सैल करत राहिले. मग कबूल केलं की ते ग्राफ त्यांनी नीट उघडलेच नव्हते, मोबाइलवर बारीक दिसतात. रागावले नाहीत. म्हणाले की ते जुने चार मिलीसेकंद आहेत ना तुझे, सँपल २९ चे? ते शंभर टक्के खरे आहेत. डिग्रीला तेवढं पुरे. मी तीन वर्षांपूर्वीही हेच सांगितलं होतं. महिनाभर बस आणि लिही, कुठेही बसून लिही, मशीनची गरजच नाही.

कुठेही बसून, हे त्यांनी दोनदा म्हटलं.

म्हणजे तीन वर्षांपूर्वीच झालं असतं. लेक तेव्हा तीन वर्षांची होती.

असो. आता फोकस. आठ दिवस हातात आहेत. दिवसाला पंधरा पानं धरली तर एकशेवीस.

२५ एप्रिल, शुक्रवार
बायकोला सांगितलं. भाषण तयार केलं होतं, कागदावर मुद्दे काढून. तिसऱ्या मुद्द्यावर तिने थांबवलं. म्हणाली की मला ते काही कळत नाही, तू तीसला येतोयस ना ते सांग. म्हटलं, येतोय. ती म्हणाली, कायमचा? म्हटलं, अर्थात कायमचा! थिसिस तिकडेच लिहीन. मग नाक पुसल्यासारखा आवाज आला, आणि म्हणाली की येताना तुझी उशी आण, इथे दोनच आहेत.

किती दिवसांनी इतकं हलकं वाटलं.

सँपल २९ ची फाइल सापडली. 'किरकोळ' नावाच्या फोल्डरमध्ये होती.

२९ एप्रिल, मंगळवार, दुपारी २
बॅग भरली. उशी वर बांधली. घरमालकाला किल्ली द्यायची म्हटलं तर तो गावाला गेलेला, मग राहिली माझ्याकडेच. थिसिस: दुसऱ्या प्रकरणाची पावणेदोन पानं. छान जमली आहेत.

लॅबमध्ये निरोप घ्यायला गेलो. मागच्या आठवड्यात बनवलेलं सँपल ४२ टेबलावर पडलं होतं. सहज भिंगाखाली धरलं. तारा सगळ्या घट्ट. टापटीपसमोर चारचार वेळा तपासल्या, वहीतही लिहिलं. इतकं देखणं सँपल मी आजवर बनवलेलं नाही. मशीन तसंही रिकामं होतं. नुसतं आत घालून ठेवलं. गार व्हायला पाच दिवस लागतात, होईल आपलं आपण. टापटीपने माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली.

रात्री अकराची बस.

३० एप्रिल, बुधवार, दुपारी १.२०
पोचलो. तारीख पाळली, हे इथे नमूद करतो.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, उजेड भरपूर. बायको स्टँडवर आली होती, आज रजा टाकली म्हणाली. दंडाला धरून घरापर्यंत आणलं, जणू मी तिचा पेशंट. कपाटातला एक अख्खा कप्पा रिकामा करून ठेवलाय. खिडकीपाशी टेबल मांडलंय, थिसिससाठी, त्यावर दिवा. कुठून आणलं विचारलं तर म्हणाली, घे ना, तुझंच आहे. दारावर लेकीने काढलेलं चित्र: तीन माणसं, तिन्ही वर बघतायत.

मघाशी शेजारच्या बाई दारात आल्या. लेक माझं बोट धरून उभी होती. तिने त्यांना सांगितलं की हे माझे बाबा, चार दिवसांसाठी आलेत.

बाई हसून निघून गेल्या. बायकोने मला विचारलं की हिला चार दिवस कुणी सांगितलं. म्हटलं, मुलं काहीही बोलतात. लेकीला विचारलं, तर ती म्हणाली की कुणी नाही सांगितलं, मला आपलं वाटलं.

शर्टाच्या खिशात परतीचं तिकीट आहे. चार मेचं, सकाळचं. येतानाच्या तिकिटाबरोबरच काढलं होतं, आणि ते मी या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

बायको मशीन लावतेय. म्हणाली की अकरा तासांच्या प्रवासाचा शर्ट आहे, काढून दे, धुवून टाकते. म्हटलं, राहू दे गं, अजून स्वच्छ आहे.